आईची काकवी सिक्युरिटीतच राहिली – हातातल्या बॅगेत पातळ काय न्यायचं, किती न्यायचं?

संकेश्वरची_लेक :

नमस्कार मंडळी, जरा मोठं होईल, समजून घ्या.

गेल्या महिन्यात आई-बाबा भावाकडं जर्मनीला गेले. दोघांचं पहिलंच विमान. मधे सामान उचलायचा त्रास नको म्हणून सगळं एकाच तिकिटावर काढलं, म्हणजे इथनं मोठ्या बॅगा दिल्या की थेट तिकडंच मिळणार. मला वाटलं किती सोपं काम केलंय मी. आईनं मोठ्या बॅगेत चटणी, शेंगाचटणी, मेतकूट, मांडे सगळं नीट बसवलं, खरं काकवीची बाटली तेवढी त्यात घातली नाही. फुटली तर सगळे कपडे चिकट होतील, म्हणून हातातल्या पिशवीत टॉवेलात गुंडाळून घेतली. अर्ध्या लिटरची बाटली, तीपण अर्धीच भरलेली.

पहिल्या विमानात ती बाटली गेली. दुसऱ्या विमानतळावर, जिथनं परदेशाचं विमान होतं, तिथं तपासणीत ट्रे बाजूला काढला आणि बाटली नेता येणार नाही म्हणाले. आईनं सांगितलं की अर्धीच आहे, दोन घोट असतील, पाहिजे तर मी पिऊन दाखवते. त्या माणसानं काही उद्धटपणा केला नाही, शांतपणे सांगितलं की आत किती आहे ते बघत नाही, बाटली केवढी आहे ते बघतो. मोठी बॅग तर कवाच पुढं गेलेली. सोडायला आलेलं कोण आत नाही की त्याच्या हातात द्यावी. शेवटी तिथल्या डब्यात टाकावी लागली.

काकवी आमच्या गुऱ्हाळातली, काहिलीतनं गूळ व्हायच्या आधी काढलेली. भाऊ लहानपणी भाकरीबरोबर दुसरं काहीच खायचा नाही. आईनं फोनवर एवढंच सांगितलं, "बाटली राहिली गं." मग गप्पच झाली. मला ते अजून लागतंय, कारण तिकीट मी काढलं, पासपोर्टच्या झेरॉक्स मी काढल्या, हे मात्र कुणीच सांगितलं नाही तिला, मीपण नाही.

नियमाला माझा विरोध नाही. खरं तिथल्या बोर्डावर शाम्पूचं आणि परफ्यूमचं चित्र असतंय, काकवीचं नसतंय. आमच्या आईला शाम्पूची बाटली बघून काकवी कशी आठवणार? म्हणून ज्यांनी ज्यांनी प्रवास केलाय त्यांनी आपल्या घरातल्या वस्तूंची नावं घेऊन लिहा, की हे हातात चालतं, हे चालत नाही. पुढच्या महिन्यात मावशी जाऊलाल्यात, त्यांना वाचून दाखवायचंय.

निपाणीचा_परदेशात :

ताई, वाचून वाईट वाटलं. आमच्या घरीपण असंच झालंय, तेव्हा मी नियम पूर्ण वाचून काढला, तो सांगतो.

परदेशी विमानाला हातातल्या सामानात पातळ, जेल, क्रीम, पेस्ट, स्प्रे यातलं काहीही १०० मिलीपेक्षा मोठ्या भांड्यात चालत नाही. भांडं किती मिलीचं आहे तेच धरतात. २०० मिलीच्या बाटलीत तळाला चमचाभर तेल असलं तरी ती बाटली २०० मिलीचीच. आणि अशा सगळ्या छोट्या बाटल्या मिळून १ लिटरच्या पारदर्शक, परत बंद करता येणाऱ्या एका पिशवीत बसल्या पाहिजेत, साधारण २० सेंटीमीटर बाय २० सेंटीमीटरची. माणशी एकच पिशवी. आईची वेगळी, बाबांची वेगळी.

हा नियम आला कुठनं तेपण सांगतो, कारण ते कळलं की राग कमी होतो. १० ऑगस्ट २००६ ला ब्रिटनमध्ये पोलिसांनी एक कट उघड केला, लंडनहून अमेरिका-कॅनडाकडं जाणारी विमानं उडवायचा. सॉफ्ट ड्रिंकच्या बाटल्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडचं स्फोटक भरून नेणार होते. त्या दिवशी तिथल्या विमानतळांवर हातात जवळजवळ काहीच नेऊ दिलं नाही, बाळाचं दूधसुद्धा आईनं आधी चाखून दाखवायचं. त्याच वर्षी नोव्हेंबरात युरोपात १०० मिलीचा नियम लागला आणि मग जगभर पसरला. अडचण अशी होती की तेव्हाच्या एक्स-रे मशिनीत चित्र सपाट दिसतं, बाटलीचा आकार कळतो पण आत पाणी आहे की दुसरं काही हे खात्रीनं कळत नाही. म्हणून प्रमाणच कमी ठेवलं.

आता कोण म्हणेल काकवीत कसला धोका. मान्य आहे. पण ट्रेमागं उभा असलेल्या माणसाला दिवसाला हजारो बाटल्या दिसतात, त्यानं प्रत्येकीचा वेगळा निवाडा कसा करायचा?

टिळकवाडी_तिसरं_गेट :

मी महिन्यातनं दोनदा सांबऱ्याहून, म्हणजे आपल्या बेळगावच्या विमानतळावरनं, बेंगळूरला जातोय कामाला. पाण्याची बाटली माझ्या बॅगेत कायम असतीय, १ लिटरची. कधी घोटभर पिऊन दाखवा म्हणतात, कधी नुसतं मशिनीतनं काढतात. हा १०० मिलीचा प्रकार मला कधी आडवा आलाच नाही, मग नियम आहे म्हणजे कसा?

निपाणीचा_परदेशात :

दादा, तुमचं खरं आहे आणि ताईंच्या आईचं जे झालं तेपण त्यामुळंच झालं. देशातल्या देशात पाण्याच्या बाटलीला सहसा एवढी कडक वागणूक नसते, परदेशी विमानाला १०० मिली काटेकोर. म्हणजे इथनं पहिलं विमान धरताना बाटली पार होते, माणसाला वाटतं झालं, आणि मोठ्या शहरात आंतरराष्ट्रीय तपासणीला परत सगळं ट्रेत ठेवायचं असतं. तोवर मोठी बॅग हातातनं गेलेली. आपल्यासारख्या लहान गावातनं निघणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवलं पाहिजे. मुंबईत राहणारा माणूस घरातनं थेट आंतरराष्ट्रीय काउंटरला जातो, बाटली अडली आणि वेळ असला तर परत फिरून चेक-इनला देऊ शकतो. आपल्याला ती सोय नाही. म्हणून घरनं निघतानाच शेवटच्या तपासणीचा नियम धरून बॅग भरायची, पहिल्या तपासणीचा नव्हे.

खानापूरकर :

आम्ही सांबऱ्याहून कधी गेलोच नाही, दोन्ही वेळा गोव्यात मोपाला गेलो, गाडीनं. मोपा सुरू झालं २०२३ च्या जानेवारीत, तवापासनं आमच्याकडची बरीच माणसं तिकडंच जातात. तिथनं थेट परदेशाचं विमान असलं तर एकच तपासणी, हा फायदा. पोरानं सोडताना सांगितलं होतं, बाबा काउंटरला बॅग देईपर्यंत मी बाहेर थांबतो, काय काढायला लावलं तर बाहेर आणून द्या. तसं एकदा आगळाची बाटली परत आणून दिली मी. कोकमाचं आगळ हो, घरचं, मीठ घालून केलेलं.

मला विचारायचंय ते मधाचं. आमच्या जंगलपट्टीतला मध घट्ट असतोय, थंडीत तर खडीसाखरेगत होतोय. त्याला पातळ म्हणणार काय? आणि तूप? डिसेंबरात रवाळ घट्ट तूप चमच्यानं उकरावं लागतंय.

निपाणीचा_परदेशात :

काका, दोन्ही पातळातच धरतात. ओततं, पिळून निघतं, दाबून बाहेर येतं, किंवा भाकरीवर फासता येतं, ते सगळं यात आलं. मध, तूप, लोणी, काकवी, आगळ, लोणचं, खर्डा, ओला ठेचा, श्रीखंड, दही, टूथपेस्ट, बाम, खोबरेल तेल. खोबरेल थंडीत दगडासारखं झालं तरी तेलच. टूथपेस्टची मोठी ट्यूब अर्धी वापरून गुंडाळलेली असली तरी चालत नाही, लहान घ्यायची.

शहापूरची_वैनी :

आणि कुंदा?? आमच्याकडनं कोण बाहेर गेलं आणि कुंदा नेला नाही असं होतच नाही. माझ्या नणंदेला एकीनं सांगितलं कुंदा जेलमधे धरतात, दुसरीनं सांगितलं मिठाई आहे, चालतंय. नक्की काय?

कॅम्पातला_जुना :

वैनी, आमचा अनुभव सांगतो. कोरडा, दाणेदार, खवा चांगला परतलेला कुंदा हातात नेलाय, दोनदा, काही झालं नाही. ओलसर, ताजा, चमच्यानं घ्यावा लागतो तसला असेल तर तपासणाऱ्याच्या मनावर राहतं आणि त्याच्याशी तिथं वाद घालायला वेळ नसतो. गोकाकचा करदंट मात्र बिनघोर, डिंक, सुकामेवा आणि गूळ, वडीच ती. मांडेपण बिनघोर, फक्त चुरा होऊ नये म्हणून वर कपड्याची घडी ठेवा.

खरं तुमच्या प्रश्नाच्या आत दुसरा एक प्रश्न लपलाय तो जास्त मोठा. सिक्युरिटी पार झाली म्हणजे त्या देशात चालतं असं नाही. युरोपियन युनियनमधे बाहेरच्या देशातनं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशानं आणायलाच बंदी आहे, हातातल्या बॅगेत असो नाहीतर मोठ्या बॅगेत. कुंदा म्हणजे दूधच. तूपपण दूधच. पेढे, श्रीखंड, खव्याची बर्फी सगळं त्यात आलं. म्हणजे वैनी, नणंद दुबईला जात असेल तर गोष्ट वेगळी आणि जर्मनीला जात असेल तर वेगळी.

संकेश्वरची_लेक :

अरे देवा. आईच्या मोठ्या बॅगेत तुपाचा डबा होता की, एक किलोचा. तो पोचला. म्हणजे तेपण चुकलंच होतं आमचं. भावाला वाटलं असेल मला माहीत आहे, मला वाटलं त्याला माहीत असेल. मावशींच्या बॅगेतनं तूप काढते आजच. काकवी उसाची, दुधाची नाही, तेवढं बरं.

कॅम्पातला_जुना :

हो, काकवी मोठ्या बॅगेत घाला. गूळपण चालतोय. आणि ताई, आपल्या भागात ज्याला चटणी म्हणतो, म्हणजे कांदा-लसणाचं तिखट, ते हातातल्या बॅगेत ठेवू नका. डोळ्यात टाकता येतंय म्हणून तिखटाची पूड वर नेऊ देत नाहीत. मोठ्या बॅगेत काही हरकत नाही. अमेरिकेला जाणाऱ्यांना अजून एक आहे, २०१८ पासनं हातातल्या सामानात ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असली की वेगळी तपासणी होतीय. नाचणीसत्त्व, मेतकूट, सातूचं पीठ सगळं खाली द्या, वर काय ठेवू नका.

सिव्हिल_हॉस्पिटल_रोड :

मी नर्स आहे, म्हणून औषधांचं लिहिते. हे कुणी विचारत नाही आणि अडचण इथंच होते.

औषधं आणि लहान बाळाचं दूध-पाणी-पातळ खाणं यांना १०० मिलीची सूट आहे, प्रवासाला लागेल तेवढं. ते त्या पारदर्शक पिशवीत कोंबायचं नाही, वेगळं काढून ट्रेत ठेवायचं आणि आधीच सांगायचं की हे औषध आहे. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवायची, त्यावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. आपल्याकडं चिठ्ठीवर नुसतं "पाटील आजी" लिहून देतात, ते चालणार नाही, पूर्ण नाव लिहून घ्या आणि औषधाचं नावपण वाचता येईल असं. बाळाच्या दुधाची तपासणी करतात, घाबरू नका, तेवढा वेळ हातात ठेवा.

इन्सुलिन मोठ्या बॅगेत अजिबात देऊ नका. खाली सामानाच्या कप्प्यात थंडी किती होईल याचा भरवसा नाही आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं, त्याचा गुण जातो. शिवाय बॅग चुकली तर? पेन, सुया, इन्सुलिन सगळं हातात, चिठ्ठीसकट. एक पेन ३ मिलीचं असतं, व्हायल १० मिलीची, त्यामुळं १०० मिलीचा प्रश्नच येत नाही, चिठ्ठी सुयांसाठी जास्त लागते.

खोकल्याचं औषध, आयुर्वेदिक आसव-अरिष्ट, घरचा काढा हे मात्र लोक "औषधच आहे की" म्हणून मोठी बाटली घेऊन जातात. दुकानातली सीलबंद बाटली आणि चिठ्ठी असेल तर सांगता तरी येतं. घरचा काढा पाण्याच्या बाटलीत भरलेला असेल तर कुणालाच काही सिद्ध करता येणार नाही. तो खाली द्या किंवा नेऊच नका.

आणि आजी-आजोबांना पाण्याशिवाय ठेवू नका. रिकामी बाटली न्यायला कुठंच बंदी नाही. तपासणी झाली की आत नळ असतो, तिथं भरून घ्यायची. माझ्या एका पेशंटच्या सासूबाईंनी बाटली काढून घेतील म्हणून रात्रभर पाणीच प्यायलं नाही, उतरल्यावर चक्कर आली.

अनगोळचा_अय्यप्पा_भक्त :

नारळाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आम्ही दरवर्षी शबरीमलैला जातोय, पूर्वी रेल्वेनं, आता काहीजण विमानानं कोचीपर्यंत. इरुमुडीत, म्हणजे डोक्यावर न्यायच्या पूजेच्या गाठोड्यात, तूप भरलेला नारळ असतोय. तो डोक्यावरनं खाली ठेवायचा नसतो, मोठ्या बॅगेत टाकायचा तर प्रश्नच नाही. खरं नारळ हातातल्या सामानात बंद होता. २०२४ च्या ऑक्टोबरात नागरी विमान सुरक्षा ब्युरोनं यात्रेकरूंना सूट दिली, २० जानेवारी २०२५ पर्यंत, एक्स-रे, स्फोटकाची चाचणी आणि हातानं तपासणी करून. सूट मोसमापुरती असतीय, म्हणून जाणाऱ्यांनी तिकीट काढायच्या आधी त्या वर्षाचं विचारून घ्यायचं. सुक्या खोबऱ्याची वाटी वेगळी गोष्ट, त्यात तेल असतंय, पेट घेतंय, ती खालच्या बॅगेतपण चालत नाही. आमच्या एका स्वामींनी प्रसादाचं खोबरं बॅगेत ठेवलं आणि काउंटरला सगळी बॅग उघडून दाखवायला लागली.

दुबईहून_वडगाव :

परत येतानाचं मी सांगतो गा, ११ वर्षं झाली ये-जा करूलालोय.

ड्युटी फ्रीमधनं अत्तर, परफ्यूम, लोशन घेतलं की ते सील केलेल्या पारदर्शक पिशवीत देतात, आत पावती दिसली पाहिजे. ती पिशवी घरी पोचेपर्यंत फोडायची नाही. मधे विमान बदलायचं असलं आणि पिशवी फोडलेली असली की १०० मिलीवरचं सगळं जातंय. माझ्या दोस्तानं बायकोला फोटो पाठवायला पिशवी फोडली, मधल्या विमानतळावर दोन मोठी परफ्यूम गेली त्याची.

आणि आपल्या बेळगावकरांसाठी मुद्द्याची गोष्ट. परदेशातनं आलं की आधी मोठ्या शहरात कस्टम होतंय, मोठी बॅग तिथं हातात येतीय, मग सांबऱ्याच्या विमानाला ती परत द्यायची असतीय. त्या मधल्या दहा मिनिटात ड्युटी फ्रीचं सगळं मोठ्या बॅगेत घालून टाका. पुढच्या तपासणीत ट्रेत काही ठेवायलाच नको. जाताना ही संधी मिळत नाही, येताना मिळतीय, वापरून घ्या.

पॉवर बँक उलट. ती खाली द्यायची नाही, हातातच ठेवायची. विषय पातळाचा आहे, खरं म्हातारी माणसं घाईत दोन्हीची अदलाबदल करतात म्हणून लिहिलं.

चिकोडी_एक्सप्रेस :

मी तर ऐकलं की नवीन मशिनी आल्यात आणि १०० मिलीचा नियम उठला. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरूलालाय.

निपाणीचा_परदेशात :

अर्धं खरं आहे. नवीन सीटी स्कॅनर आलेत, दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखेच, बॅगेचं सगळ्या बाजूंनी चित्र काढतात, त्यावरनं आतल्या पातळ पदार्थाची घनता कळते. ब्रिटनमधे एडिंबरा आणि बर्मिंगहॅमला २०२५ च्या जुलैपासनं २ लिटरपर्यंतच्या बाटल्या चालतात. पण युरोपात काही ठिकाणी सूट दिली होती आणि १ सप्टेंबर २०२४ पासनं परत १०० मिली लावली, मशिनीच्या तांत्रिक कारणानं. मग २०२५ मधे काही मशिनींना परत परवानगी. म्हणजे एका विमानतळावर एक, दुसऱ्यावर दुसरं. परतीला तिकडं २ लिटर चाललं आणि मधल्या विमानतळावर जुनी मशीन असली तर बाटली तिथं जाणार. आई-वडिलांना पाठवताना त्या व्हिडिओवर विसंबू नका, १०० मिलीच धरून चला.

खानापूरकर :

बरं, खाली द्यायचं ठरलं. मग गळती? आमच्या आगळाचा डाग कपड्यावरनं जन्मात जात नाही.

शहापूरची_वैनी :

काका, हे माझ्याकडनं घ्या. बाटली काठोकाठ भरायची नाही, दोन बोटं जागा सोडायची, आणि प्लास्टिकची असेल तर झाकण लावायच्या आधी थोडी दाबून हवा काढायची. काचेची नकोच. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घालून मग झाकण आवळायचं, वरनं चिकटपट्टीचे चार वेढे. मग ती बाटली जाड पिशवीत घालून दुकानातल्या सीलिंग मशिनीवर बंद करून आणायची. आमच्या मसाल्याच्या दुकानात देतात करून. अशा दोन पिशव्या. मग स्टीलच्या डब्यात, भोवती जुनी साडी. पहिल्या वर्षी मी नुसती पिशवी केली होती, लोणच्याचं तेल सगळ्या बॅगेत फिरलं.

टिळकवाडी_तिसरं_गेट :

जागा सोडायचं कारण मी सांगतो, कामामुळं माहीत आहे. वर हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतोय, साधारण ६ ते ८ हजार फूट उंच डोंगरावर असल्यासारखा, केबिनमधे तसाच आणि सामानाच्या कप्प्यातपण तसाच. बाटलीतली हवा फुगते आणि झाकणातनं काकवीला बाहेर ढकलते. चिप्सचं पाकीट वर गेल्यावर फुगतंय बघा, तसंच.

आणि वरचं माझं वाक्य मागं घेतो, ताई. मला कधी आडवं आलं नाही म्हणून नियमच नाही असं मी धरून बसलो होतो. माझी आई मे महिन्यात जाणार आहे, मीपण तिला असंच सांगितलं असतं.

संकेश्वरची_लेक :

सगळ्यांचे मनापासून आभार. मी हे सगळं वहीत मराठीत लिहून काढलं, मोठ्या अक्षरात, मावशींना चष्म्याशिवाय वाचता येईल असं. पहिल्या पानावर एवढंच: "बाटली केवढी ते बघतात. आत किती ते बघत नाहीत." दुसऱ्या पानावर हातात न्यायचं: गोळ्या, इन्सुलिन, डॉक्टरांची चिठ्ठी, रिकामी बाटली, पॉवर बँक, करदंट. तिसऱ्या पानावर खाली द्यायचं: काकवी, लोणचं, चटणी, खोबरेल, मेतकूट. चौथ्यावर न्यायचंच नाही: तूप, कुंदा, सुकं खोबरं.

मावशी कुंद्यापाशी अडल्यात. म्हणतात, पोरानं मागितलाय. मी म्हटलं, तो दिवाळीला येईल तेव्हा इथं खाऊ घालू.

संकेश्वरची_लेक :

तीन आठवड्यांनी परत लिहिते. मावशी पोचल्या. भावाकडंच पहिले चार दिवस आहेत. काकवीच्या दोन बाटल्या पाठवल्या होत्या, वैनींनी सांगितलं तशा, सीलच्या दोन पिशव्या आणि स्टीलचा डबा. एक थेंब गळला नाही. आईनं व्हिडिओ कॉलवर बाटली कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. मागं भाऊ भाकरी मोडत बसला होता, तिकडच्या पिठाची, जरा जाडच झालेली.